शुक्रवारी गोलात कोण?

२ डिसेंबर १९४७, मंगळवार

कचेरी सुटल्यावर मुनीरचाचांच्या शिलाईच्या दुकानी. पुन्हा तेच. काशीनाथ सोनारानं कापड बेतायच्या पाटावर बटणं मांडली. निळी म्हणजे आपला बाजार क्लब, काळी म्हणजे पोलीस टीम. मग यंदा लीग कोणाची, यावर दिवेलागणीपर्यंत कीस. शाळेला आपण हरवलंय. बेंबळी, अणदूर, पोलीस बाकी. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

आपल्या गोलात पितळी बटण असतं. चाचांच्या जुन्या शेरवानीचं. ते म्हणजे म., आमचा मल्लू.

काशीनाथ म्हणाला, "पितळी बटण ठिवलं की दोन गोल कमी धरायचे बगा." मग माझ्याकडं पाहिलं. "बार्शीहून कधी येतोय रं तुजा भाऊ?"

"मामांची तब्येत बरी झाली की."

मामा ठणठणीत आहेत. हे दुकानात सगळ्यांना ठाऊक असावं. चाचांनी मान वर केली नाही, मशीन चालू ठेवली.

४ डिसेंबर, गुरुवार

अव्वानं, म्हणजे आईनं, आज पुन्हा म.ची जर्सी धुतली. पिवळ्या फ्लॅनेलची, कोपरांत कापूस भरलेला. शाळेच्या मॅचनंतर म. घरी आला, जेवला, पहाटे गेला. जाताना तिला एवढंच म्हणाला, जुम्म्याला येतो, जर्सी धुऊन ठेव. कोणता जुम्मा ते सांगितलं नाही. संस्थानच्या हद्दीपलीकडं सरकारशी लढणाऱ्या पोरांचा कँप आहे, तिकडं गेला हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. ती दर गुरुवारी धुते.

मला राग यायला पाहिजे. न सांगता गेला. पण येत नाही. सध्या काहीच येत नाही. जेवतो, कचेरीत कागदांच्या नकला करतो, परत येतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

बेंबळीला हरवलं. ३-२. गोलात यूसुफ पिंजारी. पोरगा दणकट आहे, बॅक म्हणून चांगला. पण गोलात उभा राहिला की गादी पिंजायला आल्यासारखा हात हलवतो. दोन्ही गोल त्याच्या पायांखालून.

येताना काशीनाथ हिशोब घालत होता. यूसुफ असला तर पोलिसांकडून चार खाणार. मल्लू असला तर एक. चाचा म्हणाले, "अरे, जीत के आयले हैं, जरा तो हसो." कोणी हसलं नाही असं नाही. मी हसलो. तोंडाला सवय आहे.

१० डिसेंबर, बुधवार

कचेरीच्या फाटकाशी इनायत जमादार भेटला. वर्दीत. पोलीस टीमचा सेंटर फॉरवर्ड. मागच्या उन्हाळ्यापर्यंत हा आणि म. रोज संध्याकाळी मैदानाच्या मागच्या बाजूला खेळायचे. हा मारायचा, तो अडवायचा. कधीकधी अंधार पडल्यावर आमच्याकडं भाकरी खाऊन जायचा. अव्वाच्या शेंगाचटणीवर त्याचा जीव.

"क्या गुरूभाई. मल्लू आरा क्या जुम्मे कू?"

"या जुम्म्याला आपली मॅचच नाही."

"हौ, मेरे कू मालूम. तुम्हारी मॅच पोलीस से है तब आरा क्या?"

"मामा आजारी आहेत."

"अच्छा."

हाच प्रश्न काशीनाथ विचारतो, पानपट्टीवाला विचारतो, कचेरीतला शिपाई विचारतो. शुक्रवारी गोलात कोण? जमादारानं काय म्हणून विचारलं, सेंटर फॉरवर्ड म्हणून की जमादार म्हणून, ते त्याच्या तोंडावरून समजलं नाही. त्यालाही समजत असेल का.

११ डिसेंबर, गुरुवार

जर्सी रस्त्याकडच्या भिंतीवर वाळत. मी म्हटलं, "अव्वा, आत घाल. लोक बघतात. पोरगा घरी आलाय असं वाटायचं एखाद्याला."

"आत वाळत न्हाय."

"थंडीत दोन दिवस लागले तर लागू दे."

"उद्या जुम्मा हाय," म्हणाली. विषय संपला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पोलीस आणि शाळा बरोबरीत सुटले! कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. शाळेच्या पोरांनी बूट नसताना एक गुण ओढून घेतला. दुकानात नुसता दंगा. चाचांनी रेवड्या वाटल्या. काशीनाथ बटणं मांडून ओरडत होता, "आता बरोबरी पुरे! अणदूरला हाणलं की पोलिसांशी निस्ती बरोबरी! शील्ड आपली!" तीन वर्षं शील्ड पोलीस लाईनीत आहे.

मीही ओरडलो. घरी येईपर्यंत घसा बसला होता, पण आत सगळं थंडच. अव्वाला सांगितलं. तिनं विचारलं, "मग त्याला कळलं आसंल का?"

१५ डिसेंबर, सोमवार

बाजारातून दोघांना नेलं म्हणे. भाऊ हद्दीपलीकडं, म्हणून. कोणी नेलं, कुठं, याची चर्चा नाही. दुकानात सेंटर हाफला जरा मागं खेळवावं का यावर चर्चा. मी म्हटलं मागं खेळवावं.

हेडक्लार्कनं आज माझं नाव घेऊन विचारलं, घरी सगळे खुशाल? मी म्हटलं, सगळे. नक्कल करताना एक ओळ दोनदा लिहिली.

१६ डिसेंबर, मंगळवार

चाचा घरी आले. ओट्यावर बसले, गूळ-पाणी घेतलं. मग अव्वाला म्हणाले, "भाभी, एक मागायचं हाय. यूसुफला जर्सी द्या. कुडत्यात बॉल सुटतोय त्याचा. फ्लॅनेलला धरतो."

अव्वा ज्वारी निवडत होती. सुपातून हात काढला नाही.

"मल्लूची हाय ती."

"व्हय. म्याच शिवली."

"मग दुसरी शिवा."

कापड मिळत नाही, हे तिलाही माहीत आहे. कंट्रोल आहे. चाचांनी वाद घातला नाही. उठताना म्हणाले, "बरं. तो आला तर आमाला यूसुफ नकोच हाय." मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत दोघंही लीगबद्दल बोललो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अणदूरची टीम आलीच नाही. काल चंपाषष्ठी झाली, खंडोबाच्या गडबडीत कोण चेंडू मारायला येतंय. शिवाय रस्ते हे असे. गाडीवानाबरोबर निरोप, गुण तुम्ही घ्या, रागावू नका. आयत्या पिठावर रेघोट्या. काशीनाथ चिडला. म्हणाला, असली जीत पचत नाही. पण बटणं मांडून गुण मात्र धरले. आपण सहा, पोलीस पाच. पुढचा शुक्रवार शेवटचा.

मैदानात अकराजण नुसतेच उभे होते. यूसुफ गोलात बसून गवत उपटत होता.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी जंगमस्वामी भिक्षेला आले. दर महिन्याला येतात, बार्शीकडून फिरत. अव्वानं पाय धुतले, पीठ घातलं. ते निघेनात. मग बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मल्लू बरा आहे. वाळलाय, पण बरा."

अव्वा भिंतीला टेकली.  स्वामी पुढं बोलले. त्यानं विचारलंय, लीग कुठवर आली? आणि गोलात जो असेल त्याला सांगा म्हणाला, जमादार पेनल्टी मारायला बॉल ठेवतो तेव्हा बॉलचं तोंड आवळलेल्या चामडी वादीची गाठ कोणत्या बाजूला आहे ते बघ. गाठ तुझ्या उजव्या हाताला असली तर तो डावीकडं मारतो. डाव्या हाताला असली तर उजवीकडं. कधी चुकत नाही.

बस्स. एवढाच निरोप. आई कशी आहे, नाही. मी येतो, नाही. मेलो तर काय करा, नाही. वादीची गाठ!

मला हसू आलं आणि मग ते थांबेना. स्वामी घाबरले. अव्वानं पाणी दिलं. पुष्कळ दिवसांनी काहीतरी झालं मला, पण ते काय ते कळण्याआधी गेलं.

स्वामी गेल्यावर अव्वा म्हणाली, "विचारतोय म्हंजी येत न्हाय तो."

२३ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस डोक्यात गाठ. सांगावं तर म्हणतील, तुला कोणी सांगितलं? मी आयुष्यात बॉलला पाय लावलेला नाही. न सांगावं तर शुक्रवारी पेनल्टी झाली आणि यूसुफ उलट्या बाजूला पडला, तर मी काय म्हणून तिथं उभा राहू? निरोप त्याचा आहे. दाबून ठेवायचा मला काय हक्क.

संध्याकाळी दुकानात सांगून टाकलं. यूसुफ होता. म्हटलं, मला आपलं वाटतं, जमादार असं असं करत असावा. गाठीच्या उलट.

चाचांची मशीन थांबली. काशीनाथनं तोंड उघडलं, "तुला कसं काय रं—"

"काशीनाथ, कात्री दे," चाचा म्हणाले. कात्री त्यांच्या मांडीजवळच होती. काशीनाथनं ती उचलून दिली. मग चाचा यूसुफला म्हणाले, "गुरूचा अंदाज चांगला असतो. ध्यानात ठेव."

 काशीनाथनं पितळी बटण उचललं, फुंकर मारली, पुन्हा गोलात ठेवलं. किती चांगली माणसं आहेत ही. हे लिहितानाही जीव भरून यायला पाहिजे. हात गार पडलेत एवढंच.

२५ डिसेंबर, गुरुवार

अव्वानं जर्सी धुतली, वाळवली, घडी केली आणि मला म्हणाली, यूसुफला बोलाव. तो दारात उभा राहिला, आत येईना. तिनं त्याच्या अंगाला लावून पाहिली. बाह्या लांब.

"कापायच्या न्हाईत. दुमडायच्या."

"जी, अम्मा."

"आन् खेळ झाला की आणून द्यायची. मी धुईन."

तो गेल्यावर तिनं ज्वारीचं सूप घेतलं. त्यात निवडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

शील्ड आपली. ०-० बरोबरी.

नीट लिहितो. पहिला हाफ आपण नुसते बॉल बाहेर हाणत होतो. काशीनाथला बघवेना, तो पाठ करून उभा राहिला आणि दर मिनिटाला विचारी, काय झालं? दुसऱ्या हाफमध्ये आपल्या बॅकचा हात लागला. पेनल्टी. जमादारानं बॉल ठेवला, फिरवला. मी गोलाच्या मागंच होतो. गाठ यूसुफच्या उजव्या हाताला. यूसुफ डावीकडं पडला. बॉल छातीवर. फ्लॅनेलला धरला.

त्यापुढचं सगळं एकात एक. लोकांनी यूसुफला उचललं. चाचा रडत होते. काशीनाथ मला मिठी मारून म्हणत होता, "जितलो रं! जितलो!" आणि मला वाटलं, आता मल्लूला कळवायला पाहिजे. किती सोपं वाटलं ते.

मग जमादार आला. घामानं निथळत, बूट हातात. बाजूला घेतलं.

"यूसुफ की अकल नै ये. गाठ का किस्सा एकीच आदमी कू मालूम था. मैंनेच दिखाया था उस कू. कसम खाया था वो, किसी कू नै बोलूंगा करके."

 गाठीवरून त्याला मल्लूच्या निरोपाचा माग लागेल, हे इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात कसं आलं नाही? दुकानात एवढी डोकी, कोणाच्याच आलं नाही. आम्ही सगळे लीग जिंकायच्या नादात.

"अच्छा है ना वो?"

माझी मान हलली. कशी हलली ते आता आठवत नाही. त्यानं बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या, खांद्यावर टाकले.

"अम्मा कू सलाम बोलो," म्हणाला आणि गेला.

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळी यूसुफ जर्सी आणून देऊन गेला. छातीवर बॉलचा चिखलाचा गोल. आज गुरुवार नाही, तरी अव्वानं धुवायला घेतली.

दुपारी दुकानात शील्ड मशीनशेजारी. काशीनाथ पुढच्या वर्षाचं मांडायला लागलासुद्धा. मी चाचांना जमादाराचं बोलणं सांगितलं. त्यांनी बराच वेळ सुईत दोरा घालायचा प्रयत्न केला. म्हणाले, "भाकरी खाल्लीय त्यानं तुमच्याकडं." मग म्हणाले, "पन चार दिस बहिणीकडं जाऊन ये भाभीला घिऊन." आम्हाला बहीण नाही. हे चाचांना माहीत आहे.

घरी आलो तर जर्सी रस्त्याकडच्या भिंतीवर.

"अव्वा, आज तरी आत घे. हात जोडतो."

"जमादारानं सलाम सांगितला म्हनालास ना?"

"हो."

"मग वाळू दे. त्याला ठावं हाय, कुनाची हाय ती."

तिला भीती नाही की तिचंही माझ्यासारखंच झालंय, कळत नाही. चुलीवर भाकऱ्या टाकल्या आहेत, नेहमीपेक्षा जास्त. शेंगाचटणी कुटून ठेवली आहे. कोणासाठी, विचारलं नाही.

ओट्यावर बसून हे लिहितोय. पोलीस लाईनीकडून बुटांचा आवाज येतोय. एकापेक्षा जास्त असावेत. रोज या वेळेला त्यांची टीम मैदानाकडं प्रॅक्टिसला जाते. लीग संपली, पण सवय असते माणसाला. तेच असतील.