बटण, बटण, बटण

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चिमे,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी परत घेत नाही. आई बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो. तू पाठवलेली शाल तिला आवडली. बाकी घरात सगळं ठीक. ख्यालीखुशाली संपली.

हे पत्र छापून पोस्टाने पाठवतोय, कारण मेल केला की तू अंगठ्याचं चित्र पाठवतेस आणि माझा कॉम्प्युटर मला ते इमानेइतबारे वाचून दाखवतो, "अंगठा वर". दोन आठवड्यांत असे तीन अंगठे आले. चौथा आला असता तर मी कीबोर्ड भिंतीवर आपटला असता.

तुमच्या कंपनीचा, तू बनवलेला, पुस्तकं ऐकवणारा नवा प्लेअर तीन तारखेला आमच्या वाचनालयातल्या सगळ्या मशीनवर चढला. सभासदांच्या घरीही आपोआप चढला आणि जुन्याला पुसून बसला. जुना कसा होता हे तुला सांगायची गरज नाही, पण मी सांगणार आहे, कारण तू विसरलेली दिसतेस. स्पेस दाबला की पुस्तक सुरू, परत दाबला की बंद. बाणाने पाच सेकंद मागे, पाच सेकंद पुढे. बी दाबला की खूण. कुठवर आलो विचारलं की पडद्यावरचं वाचणारा आवाज सांगायचा, "बारा मिनिटं, सात सेकंद." दिसायला म्हणे अगदीच भिकार होता, नुसता राखाडी चौकोन. असेल. आमच्यापैकी कुणी दिसण्याबद्दल तक्रार केल्याचं मला तरी आठवत नाही.

तुमच्या प्लेअरमध्ये टॅब दाबला की आवाज म्हणतो, "बटण." परत दाबला, "बटण." परत, "बटण." असं चौदा वेळा. कुठलं बटण, कशाचं बटण, कुणी बोलायला तयार नाही. त्यातलं एक पुस्तक सुरू करतं, एक वेग वाढवतं आणि एक अख्खं पुस्तक पुसून टाकतं. पंधराव्या टॅबला आपण "स्वागत आहे" नावाच्या चौकटीत जाऊन पडतो आणि तिथून बाहेर यायला वायर उपटावी लागते. स्वागत कसलं, कोंडून घालणं आहे ते. म्हणे रंग फार सुंदर आहेत. ग्रंथपाल मला तासभर रंग सांगत होते.

तुझी हिंमत कशी झाली गं?

माझ्या कॉम्प्युटरच्या वर्गातल्या नर्सबाईबद्दल मी तुला बोललो होतो. अकरा वर्षं रुग्णालयात वॉर्ड सांभाळला, मग अपघातात दोन्ही डोळे गेले. नोकरी टिकवायची तर टेलिफोन विभागात बदली घ्यायची, आणि बदलीसाठी खात्याची परीक्षा द्यायची. उत्तरं तोंडी, पण नियमावली सदतीस तासांच्या रेकॉर्डिंगएवढी. माझ्याकडे आली तेव्हा तिला कीबोर्डवरचा स्पेससुद्धा सापडत नव्हता. जी बाई डोळे झाकून शीर शोधायची, तिची बोटं कीबोर्डवर लटपटायची. चार महिन्यांत तिने त्या सदतीस तासांत तीनशे बारा खुणा घातल्या. रजेचं कलम म्हटलं की दोन सेकंदांत रजेचं कलम. तीन तारखेला सकाळी तिने मशीन लावलं, तर तीनशे बाराच्या तीनशे बारा गायब. परीक्षा बारा तारखेला.

तिने मला फोन केला. पहिलं वाक्य काय, तर "सर, मी काहीतरी चुकीचं दाबलं का?"

मी त्याच दुपारी तुला फोन केला, खुणांचंही सांगितलं. तू म्हणालीस, "दादा, पुढच्या आवृत्तीत करतोय ना, जरा धीर धर." धीर धरायला सांगणारी तू कोण? नऊ दिवस ती बाई रेकॉर्डिंग पहिल्या मिनिटापासून ऐकत बसली. सकाळी घरचं कुणीतरी सुरू करून कामाला जायचं, मग मधे थांबवता येत नव्हतं, मागे नेता येत नव्हतं, कुकरची शिट्टी झाली की तेवढं कलम बुडालं. काल निकाल लागला. चार गुणांनी गेली. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि तोवर तिची जागा रिकामी ठेवतील की नाही हे कुणी छातीठोक सांगत नाही.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण तू? माझी नजर गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि तू नऊची. माझ्या कॉलेजची पुस्तकं तू वाचून दाखवलीस. "मागणीची लवचिकता" म्हणताना दर वेळी तुझी जीभ अडखळायची आणि आपण दोघं हसायचो. पान उलटलंस की "पान उलटलं" असं सांगायचीस, कुणी न शिकवता. नवव्या वर्षी जिला हे कळत होतं, तिला एकोणचाळिसाव्या वर्षी एका बटणाला नाव द्यायचं सुचू नये?

आणि वीस जानेवारीला, तुमच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात, भर सभागृहात, तो प्लेअर चालला होता. कसा चालला ते मी इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे.

दादा

*

२ मार्च, रविवार

चिमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "स्टेजवर तू काय बोललास ते आधी आठव आणि मग मला सुनाव." मी फोन आपटला. आई म्हणाली, "काय रे, कोण होतं?" मी म्हटलं, राँग नंबर. पन्नाशीला आलेला माणूस आईशी खोटं बोलतो, तेही इतकं फालतू.

तुझ्यावरचा राग तसूभरही कमी झालेला नाही, हे आधी लिहितो. पण मागच्या पत्रात मी मूग गिळले होते, तेही खरं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी तालीम झाली. मी टॅब दाबला, "बटण". तुझ्या ऑफिसातला तो मुलगा घाईघाईने काहीतरी खटपट करत होता. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "दादा, उद्या तू फक्त स्पेस दाब. बाकीचं आम्ही मागून बघू." मी विचारलं, "मागून म्हणजे?" तू म्हणालीस, "अरे, एका दिवसाचा प्रश्न आहे." मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायची तर सोयच नाही, पण कान धडधाकट होते.

दुसऱ्या दिवशी तू भाषण केलंस. माझा दादा, माझी प्रेरणा, ती नवव्या वर्षीची पुस्तकं. लोक नाक ओढत होते, मला ऐकू येत होतं. मग मी स्पेस दाबला. काही झालं नाही. आणि माझ्या मागे, हातभर अंतरावर, माऊसचा टक् असा आवाज आला, आणि पुस्तक सुरू झालं. टाळ्यांचा नुसता कडकडाट. कुणीतरी माझ्या तोंडाशी माईक धरला, "कसं वाटतंय?" आणि मी म्हणालो, "आता मला कुणाचीच गरज नाही."

दुसऱ्या दिवशी पेपरात हेच मोठ्या अक्षरांत आलं. आईने कात्रण फ्रिजला चिकटवलं.

असं का बोललो, याची बरीच उत्तरं मी स्वतःला देऊन पाहिली. टाळ्यांनी डोकं फिरलं. तुझा इतक्या लोकांसमोर अपमान नको. खरं कारण असं, की तीस वर्षं मी "चिमे, हे वाच, चिमे, ते बघ" करत आलो आणि तुझ्यासाठी काही करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. ते ऋण मी फेडलं. फेडलं कुणाच्या जिवावर, तर त्या बाईच्या.

कारण वाचनालयाच्या समितीने जुना प्लेअर काढायचा निर्णय माझ्या त्या एका वाक्यावर घेतला. "सरांनी स्वतः वापरून पाहिलाय," असं ठरावात लिहिलंय. मी तो ठराव परवा ग्रंथपालांकडून वाचून घेतला.

काल मी नर्सबाईला सगळं सांगितलं. वर्ग संपल्यावर, खुर्च्या लावून झाल्यावर. तिने विचारलं, "तुम्हाला तो टक् आवाज ऐकू आला होता?"

"हो."

"मी घरी सांगत होते, आमच्या सरांना जमतं, म्हणजे चूक माझीच आहे. सासूबाई म्हणाल्या, तुझं आता शिकायचं वय गेलं. ते मी ऐकून घेतलं, सर. खरं वाटून ऐकून घेतलं."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "ती तुमच्याकडेच ठेवा," आणि काठी उघडून गेली. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत मी तिच्या काठीचा आवाज ऐकत उभा होतो.

वीस तारखेला समितीची बैठक आहे. मी तिथे सगळं सांगणार आहे, तुझ्या नावासकट. तुला विचारत नाहीये, कळवतोय. यायचं असेल तर ये.

दादा

*

२९ मार्च, शनिवार

चिमे,

तू आली नाहीस. ऑफिसातल्या त्या मुलाला पाठवलंस. आता काय झालं ते माझ्याकडून ऐक, म्हणजे त्याला दोष देऊ नकोस.

सभागृह तेच, माणसं थोडी कमी. मी कीबोर्ड ओढून घेतला आणि म्हणालो, "आज मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." टॅब दाबायला लागलो. बटण. बटण. बटण. चौथ्या-पाचव्याला कुणीतरी खुदकन हसलं. नवव्याला कुणी हसत नव्हतं. पंधराव्याला "स्वागत आहे" आलं आणि मी हात काढून घेतले. ते आपलं स्वागत करतच बसलं.

ग्रंथपाल म्हणाले, "पण त्या दिवशी तर चाललं होतं."

मी म्हटलं, "त्या दिवशी मागे कुणीतरी माऊस दाबत होतं. मला ते ऐकू आलं होतं आणि तरी मी खोटं बोललो."

कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, याला पुरावा काय. तेवढ्यात मागच्या रांगेतून तुझ्या ऑफिसातला तो मुलगा उठला. "माऊस माझ्या हातात होता. मॅडमनी सांगितलं म्हणून दाबला." मग नर्सबाईने, बसल्या जागेवरून, त्याला एकच विचारलं, "माझ्या खुणा कुठे गेल्या?"

आणि तो काय म्हणाला, ऐक. म्हणाला, "कुठे गेल्या नाहीत. जुन्या प्लेअरच्या फायली आम्ही बाजूला काढून ठेवल्यात. परत घालायला दहा मिनिटं लागतात. मला कुणी विचारलंच नाही."

दहा मिनिटं, चिमे. तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा. तीन तारखेच्या दुपारी मी तुला फोन केला तेव्हा तू मान वळवून त्याला विचारलं असतंस तरी पुरलं असतं. नऊ दिवस त्या बाईच्या हातात राहिले असते. खोट्या कार्यक्रमाची मी निम्मी वाटणी घेतो. ही दहा मिनिटं मात्र सगळी तुझी.

त्याने तिथेच बसून जुना प्लेअर चढवला आणि त्या परत घातल्या. तीनशे बारा. तिने एकेक खूण उघडून पाहिल्याशिवाय कुणाला उठू दिलं नाही. समितीला चहा दोनदा करावा लागला.

पुढचं थोडक्यात. जुना प्लेअर सगळ्या मशीनवर परत आलाय. तुमचा परत घ्यायचा असेल तर आधी तीन सभासद तो महिनाभर वापरतील आणि लेखी देतील. त्या तिघांत नर्सबाई आहे. खात्याला समितीने पत्र लिहिलं, खात्याने उत्तर दिलं की नियम म्हणजे नियम, परीक्षा ऑगस्टमध्येच. जागेचं काही लिहिलं नाही. मला सहा महिने शिकवायला बंदी आहे, ती मी मान्य केली. पेपरवाल्यांना हे छापण्यात रस नव्हता.

नर्सबाईच्या अभ्यासाला मी रोज दुपारी जातो. शिक्षक म्हणून नाही. प्रश्न विचारायला कुणीतरी लागतं म्हणून. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. "सर, पुढचं कलम." बस.

काल आईने विचारलं, चिमीशी तुझं काय बिनसलंय. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोघांनी मिळून केलंत ना? मग एकट्याने काय सोसतोस?" तुला उत्तर सापडलं तर लिही.

तुझ्यावर मी अजून चिडलेलो आहे आणि हे इतक्यात जाणारं नाही. तू जेव्हा येशील, आणि येशीलच, तेव्हा माझ्याकडे आधी येऊ नकोस. दुपारी दोन वाजता नर्सबाईच्या घरी ये, तिच्या शेजारी बस, तुमचा प्लेअर तिच्यापुढे ठेव आणि हात मांडीवर ठेवून ऐक. ती बोलेल ते सगळं ऐक, मधे "पुढच्या आवृत्तीत" म्हणू नकोस. मग घरी जेवायला ये.

आणि यापुढे व्यासपीठावर माझं नाव काढायचं नाही. दादा म्हणायचं ते घरात.

दादा