उजव्या विंगेतले बाबा

११ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कटकटीला एकदाचं यश आलं. ही गेल्यापासून मी घरात तोंडच उघडत नाही, अशानं गळा गंजेल, असं तू दर पत्रात लिहायचीस. शेवटी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमणाऱ्या हौशी नाट्यमंडळात नाव घातलं. नावाडी आणि त्याच्या लेकीचं ते गाण्यांचं नाटक बसवताहेत. आपण लहानपणी रेडिओवर ऐकून पाठ केलं होतं तेच. अजूनही दूधवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना त्यातली गाणी येतात.

मला प्रॉम्प्टर केलंय. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, तेव्हा संहिता माझ्याच हातात शोभते, असं दिग्दर्शकांचं म्हणणं. ते शाळेत कवायत शिकवतात आणि तालमीतही त्यांच्या गळ्यात शिट्टी असते, म्हणून सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणतात. उजव्या विंगेत स्टुलावर बसायचं आणि कोणी अडलं की हळूच वाक्य पुरवायचं, एवढंच माझं काम. पण नावाडी झालेले गृहस्थ दाताचे डॉक्टर. त्यांचे पेशंट संपत नाहीत, त्यामुळे ते तालमीला फिरकत नाहीत. मंडळाचा रिवाज असा की जो गैरहजर, त्याची वाक्यं प्रॉम्प्टरनं जागेवरून म्हणायची. म्हणजे सध्या नावाडी मीच.

लेकीचं काम करणारी मुलगी औषधांच्या दुकानात नोकरीला आहे. ती विंगेकडे वळून मला बाबा म्हणते. आम्हांला मूलबाळ नाही, तेव्हा हा शब्द माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आला. पहिल्या दिवशी मी पुढचं वाक्यच विसरलो, आणि संहिता माझ्याच मांडीवर उघडी होती.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच कटकट करत राहो.

तुझा,
पोपट


१९ नोव्हेंबर

चि. पोपटरावांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. लहानपणी घरी येईल त्याचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवायचास, म्हणून आईनं तुला पोपट नाव ठेवलं. म्हातारपणी तीच विद्या कामी आली म्हणायची. माझ्या कानांचं विचारू नकोस. यंत्र लावलं की पंखा ऐकू येतो आणि माणसं येत नाहीत. फोन तुझे भावजी उचलतात आणि काय बोलणं झालं ते मला सांगायला विसरतात. तेव्हा तू आपला लिहीत जा.

एक मात्र ऐक. शाळेच्या नाटकात मी राणी होते. राजाला गोवर झाला, म्हणून तालमीत मी बाईंकडे बघून बोलायचे. प्रयोगात राजा ठणठणीत हजर झाला, तरी त्याच्याकडे पाठ करून मी बाईंनाच प्राणनाथ म्हणाले. वर्षभर मुलींनी मला जगू दिलं नाही. माणसाची मान दारासारखी असते, ज्या बाजूला उघडायची सवय लागते तिकडेच उघडते. त्या मुलीला आत्ताच सांग, की डॉक्टर उभे राहणार असतील त्या बाजूला बघत जा.

जेवण वेळेवर घे. माझी माया आहेच, तुझी पत्रं येऊ देत.

तुझी,
ताई


१४ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा निरोप मी तिला सांगितला नाही. का, ते विचारू नकोस.

निरोपाचा प्रवेश आता छान बसलाय. लेक पलीकडच्या काठाला कायमची निघते, गाणं म्हणते आणि बाबा, मी जाऊ का असं विचारते. त्यावर नावाड्याचं एकच वाक्य, की जा तू, दिवा मी विझवणार नाही. मी ते स्टुलावरून म्हणतो आणि तिचे डोळे खरोखर भरून येतात. डॉक्टर मागच्या आठवड्यात एकदा आले, आपली गाणी उरकली आणि दवाखान्यात पळाले.

ताई, तालमीत माझ्याशी सगळे बोलतात. भांडतात, माफी मागतात, निरोप घेतात. तालीम संपली की घोळक्यानं चहाला जातात आणि जिन्यात मला अदबीनं वाट देतात. त्यात कुणाचा दोष नाही. माझ्याशी काय बोलायचं, ते त्यांना कुणी लिहून दिलेलं नाही. मी घरी येतो, भात गरम करतो आणि रेडिओ लावून बसतो. फार एकटं वाटतं. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

आशीर्वाद असू दे.

तुझा,
पोपट


२२ डिसेंबर

चि. पोपटास,
अनेक आशीर्वाद.

विचारू नकोस म्हणालास, म्हणून विचारत नाही. मला कळलं. पण बाळा, ती दुसऱ्याची लेक आहे, आणि प्रयोगात हसं झालं तर ते तिचं होईल. अजून वेळ आहे.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ताई


११ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझंच खरं झालं. शनिवारी पहिला प्रयोग होता. हॉल खचाखच भरला होता, गाणी नटांच्या आधी प्रेक्षकच म्हणत होते. निरोपाच्या प्रवेशाला डॉक्टर डावीकडे होडीपाशी हात पसरून उभे राहिले, आणि मुलीनं मान वळवली ती उजवीकडे, माझ्याकडे. अख्खं गाणं तिनं अंधाऱ्या विंगेला म्हटलं. डॉक्टर गोंधळले आणि आपलं वाक्यच विसरले. मी हळूच पुरवायला हवं होतं. पण ती माझ्याकडे बघत होती गं. मी स्टुलावरून उठलो आणि खड्या आवाजात म्हणालो, की जा तू, दिवा मी विझवणार नाही.

शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. आत येऊन ती रडली. मी माफी मागितली, तर म्हणाली की चूक तिचीच होती. ते मला जास्त लागलं. मग मी तिला तुझ्या निरोपाचं सांगितलं. ती उठून तोंडावरचा रंग पुसायला गेली.

शिट्टीमास्तर रागावले नाहीत. रविवारी फक्त माझं स्टूल मागच्या पडद्याआड नेऊन ठेवलं. तिथून मला तिचा नुसता आवाज येत होता. तिनं बाबा म्हटलं, डॉक्टरांनी न अडखळता उत्तर दिलं आणि टाळ्या पडल्या. चांगलं झालं.

आता मंडळ पुढच्या हिवाळ्यापर्यंत बंद. काल खोकल्याच्या औषधासाठी तिच्या दुकानात गेलो. ती पाठमोरी फळीवर काहीतरी शोधत होती. माझा आवाज ऐकला आणि तिची मान झटकन उजवीकडे वळली. तिकडे भिंत होती. मग मी दिसलो तशी ती हसली आणि काका, जेवणानंतर घ्या असं म्हणाली. सगळ्यांना सांगते तसंच.

घरी आलो, कुलूप काढलं आणि का कोण जाणे, मोठ्यानं म्हणालो की आलो गं. ही असताना रोज म्हणायचो. पुढचं वाक्य माझं नव्हतं. थोडा वेळ तसाच उभा राहिलो आणि मग दार लावून घेतलं.

तुझा,
पोपट


१८ जानेवारी

चि. पोपटास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला काही ऐकू येत नाही, पण तुझं ते दारातलं वाक्य इथे ऐकू आलं. पुढचं वाक्य मला पाठ आहे. माझे कान शाबूत होते तेव्हा मी तुमच्याकडे राहिले होते, आणि वहिनीच्या तोंडून ते रोज संध्याकाळी ऐकलंय. वाक्य पडू देऊ नये, हेच ना तुझं काम? मग आता ते मी करते. हा कागद दाराच्या आतल्या बाजूला लाव. बाहेरून आलास की आधी तुझं वाक्य म्हण, मोठ्यानं, आणि मग हे वाच.

आलात? हातपाय धुवा, मी पानं घेते.

तुझी,
ताई