सुभेदाराच्या मणक्यातली गाठ

पुणे, जनावरांच्या दवाखान्याचा व्हरांडा

ती. सुंदरराव दाजींच्या चरणी मेहुण्याचा, म्हणजे आसारामचा, कंबरेत वाकून नमस्कार.

विमलअक्काची शुगर आणि तुमची मांडी आता कशी आहे? धोंड्याच्या जेवणापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. आमच्या कुत्र्याने, सुभेदाराने, घरच्या जावयाला चावायला नको होतं, हे मी आजही मान्य करतो. पण आईने दिलेलं कोरं धोतर नेसून तुम्ही वेशीपर्यंत जे पळालात, त्याचं गावाला अजून कौतुक आहे. (सुभेदारही तेवढा जन्मात कोणामागे पळालेला नाही.)

तोच सुभेदार शिमग्यानंतर मागचे पाय ओढायला लागला. गावात जनावरांना औषधपाणी करणारे सटवाआबा म्हणाले, "कमरंत वारं भरलंय, डाग द्या," आणि विळा तापवायला घेतला. मी मध्ये आडवा पडलो, तर म्हणाले, "मंग तुलाच देतो बे." शेवटी चारा छावणीतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मागच्या पंजाची बोटं चिमट्यात धरली, सुभेदाराने वळूनही पाहिलं नाही. पुढच्या पंजाला हात लावताच डॉक्टरांचं घड्याळ गेलं. म्हणाले, पायाला काही नाही, गडबड मणक्यात आहे, पुण्याला न्या.

सुभेदार रात्री दूध संस्थेचीच राखण करतो, म्हणून संस्थेच्या बैठकीत विषय काढला. चेअरमन बबनराव म्हणाले, "जितराबाला चारा न्हाई अन् कुत्र्याला पुणं?" बोलणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. तेवढ्यात सभासद बायनाबाई मागून म्हणाल्या, "त्येनं दोन दूधचोर धरले. तुमी किती धरले?" पुण्याला न्यायचा ठराव एकमताने मंजूर. दुष्काळामुळे संस्थेचा दुधाचा टँकर पुण्याला अर्धा रिकामाच येतो. त्याच्याच केबिनमध्ये बसून आलो. बाकीच्या खर्चासाठी मोटारसायकल विकली (आईला सांगू नका).

इथे मशीनमध्ये घातल्यावर मणक्याच्या नळीत गाठ दिसली. असली गाठ तरुण कुत्र्यांनाच होते आणि तीही क्वचित, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. (हे कळल्यापासून सटवाआबा छाती काढून फिरतायत म्हणे. आपल्या तालुक्यात एवढं दुर्मिळ काही पहिल्यांदाच निघालं.) ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण सुभेदार उठत नाही. पोटाखालून टॉवेल घालून उचलतो, तर पाय नुसते लोंबतात. बाई म्हणतात, नसा जिवंत आहेत, पण त्याला स्वतःला उठावंसं वाटलं पाहिजे. दाजी, मला भीती वाटते. पण त्याला चार पायांवर उभं केल्याशिवाय मी पाटोद्याची गाडी धरणार नाही.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा,
आसाराम

ता. क. : हा दवाखाना तुमच्या घरापासून दोनच गल्ल्यांवर आहे. इतके दिवस मी अक्काकडेच जेवतो (तुम्ही कामावर गेल्यावर). वांग्याची भाजी कमी का पडते, ते आता कळलं असेल.

ता. क. २ : भाकरी, मटण, शेजारची मांजर, सगळं दाखवून झालं. तो ढिम्म. काल अक्काने त्याला पांघरायला तुमचं तेच धोतर आणलं (दातांची भोकं तशीच आहेत). त्याने वास घेतला आणि मागचा डावा पाय हलवला. अक्का रडली. मीही रडलो.

ता. क. ३ : हे पत्र आणि ते धोतर अक्काच्याच हाती पाठवतोय. तेव्हा उद्या सकाळी ते नेसून या व्हरांड्यासमोरून एकदा पळा. सावकाश पळालात तरी चालेल. साखळी मी घट्ट धरतो. पण तो खरंच उठून उभा राहिला, तर मात्र सोडून देईन.