विहीणबाई चहाला येणार म्हणून

३ मार्च
लेकीने स्वतःच जमवलेल्या मुलाची आई रविवारी चहाला येणार. लेक म्हणते, आई, प्लीज, तू फक्त हवेबद्दल बोल. मला सांगते! जन्मभर बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बसून अख्ख्या दुनियेची तोंडं बंद केली मी. उत्तर दिलं की "नेक्स्ट!" रांग कधी लांबली नाही. शिवाय कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांच्या हातून वक्तृत्वाचं बक्षीस घेतलेलं. असो. पोरीच्या समाधानासाठी मोबाइलवर संभाषणकलेचे व्हिडिओ पाहिले. नियम सोपे आहेत. ऐकून घ्या, चुका काढू नका, आपुलकीने प्रश्न विचारा.

४ मार्च
लिफ्टमध्ये शेजारीण भेटली. आपुलकीने विचारलं, एवढं वजन कशाने वाढलं? ती राहते पाचव्यावर, उतरली दुसऱ्यावर. चालायला लागली म्हणजे! माझ्या शब्दाचा गुण लगेच येतो.

५ मार्च
किराणा दुकानात ऐकण्याचा सराव. एक बाई नवऱ्याच्या ऑपरेशनचं सांगत होती. मध्ये चकार शब्द काढला नाही. तिचं संपलं आणि तोंडून आपोआप निघालं, "नेक्स्ट!" दुकानदार खाली बघून साखर मोजत राहिला. बाईचे डोळे भरले. ऑपरेशन मोठं असणार.

८ मार्च, रविवार, रात्री
विहीणबाई आल्या. म्हणाल्या, उकडतंय नाही? मी म्हणाले, हो. लेकीचा जीव भांड्यात पडला. मग त्या सुरू झाल्या: आमचा बाळ पाणीसुद्धा माझ्याच हातचं पितो. चूक काढली नाही. प्रश्न विचारला, मग ऑफिसात कोण पाजतं? लेकीने बिस्किटांची भरलेली बशी उचलून आत नेली.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, लग्नानंतर तो वेगळा राहायला गेला की घर खायला उठेल हो. पदराने डोळे टिपले. मला खरंच भरून आलं. माझीही जाणारच आहे की. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि निघालं, "नेक्स्ट!"

१० मार्च
यापुढची बोलणी हॉटेलात होणार. लेक म्हणाली, आई, तू कशाला दगदग करतेस? किती जपते मला!

१५ मार्च, रविवार
सगळे हॉटेलात. शेजारीण हल्ली जिन्यानेच जाते. दिवसभरात कोणाशी बोलले नाही.
एकही नियम मोडला नाही.