आडातली उचकी

३ मार्च १९८६, लातूर

साहेबा, लेकरा, बरा आहेस ना? खोकला गेला का? तुझ्या खोलीतला तो केरळचा जोडीदार, बर्फावर घसरून ज्याचा पाय मुरगळला होता, तो चालायला लागला का? आणि दारावरची ती म्हातारी, जी सकाळी तुला चहा देते अन् रात्री वसतिगृहाची कडी लावते, तिचे गुडघे कसे आहेत? तुझ्या मास्तरांची बायको बाळंत झाली का? इकडं तुझी चांगुणामावशी बरी आहे, तिची सून बरी आहे, म्हैस तेवढी चाऱ्यावाचून वाळून राहिली. तुझं जानेवारीचं पत्र माझ्या उशाखाली आहे. पुढचं अजून आलं नाही. रशियाचं टपाल लई सावकाश चालतं, म्हणून मी आता ही वही धरली. रोज लिहीन, भरली की पाठवून देईन. तुझ्या पाटीवर बघून बघून मी अक्षरं गिरवली, तेव्हा ती वाचायची शिक्षाही तुलाच.

आता आनंदाची गोष्ट. मला नोकरी लागली! नांदेडहून एसटीत बसले, अहमदपूरला चहा पिला आणि लातुरात उतरले. जिल्हा नवा झाला खरा, पण कचेऱ्या अजून भाड्याच्या घरात. पाट्या मात्र अशा करकरीत की डोळे दिपावेत. औशाच्या रस्त्याला एका संस्थेचं कॉलेज निघालंय, त्यांचं परदेशी पोरांचं वसतिगृह आहे. तिथं मी स्वयंपाकीण. सुदान, केनिया, येमेन, कुठकुठली पोरं! तू तिकडं परका, ही इकडं परकी. मी यांच्या ताटात भाकर वाढली तर तिकडं कोणीतरी तुझ्या ताटात वाढंल, असं आपलं माझं मन सांगतं.

७ मार्च

पोरं गुणाची आहेत. सुदानचा हसन मला अम्मा म्हणतो. शेंगाची चटणी खाऊन पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या दिवशी त्यानं वाटीच मागून घेतली. थंडीत बोललं की तोंडातून वाफ निघते, असं तू लिहिलं होतंस ना, ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, अम्मा, इथं तर तव्यावर बसल्यासारखं आहे, वाफ आपोआप निघंल.

पाण्याचा मात्र ठणठणाट. टँकर येऊन हौदात रिकामा होतो. हौदाला झाकण, झाकणाला कुलूप आणि किल्ली सिद्रामप्पाच्या कमरेला. हा सिद्रामप्पा निलंग्याकडचा, बोलण्याचा हेलच कानडी. वसतिगृहाचे रेक्टर व्यंकटराव. बोलणं गोड, कपडे पांढरेशुभ्र. लोकांना प्यायला पाणी नाही, आणि यांचं धोतर बगळ्यासारखं कसं राहतं, हे मला उमगेना.

कडेची एक खोली कुलूपबंद आहे. मी विचारलं. व्यंकटराव म्हणाले, इद्रीस नावाचा सुदानचाच एक पोरगा होता, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत न सांगता निघून गेला. हसनला विचारलं तर तो म्हणाला, इद्रीसकडं घरी जायला तिकिटाचे पैसे नव्हते. सगळे गेले, तो एकटाच इथं राहिला. जून महिन्यात आम्ही परत आलो तर खोली रिकामी.

११ मार्च

आज एक गंमत झाली. दुपारी भांडी घासायला मागं गेले. तिथं जुना कोरडा आड आहे, तोंडावर पत्रे आणि पत्र्यांवर दगड. ऊन असं की पाखरू दिसेना. आणि आडातून उचकीचा आवाज आला. थांबून थांबून, अगदी माणसाला लागते तशी. मला वाटलं, बेडूक असंल. मग म्हटलं, वर्षभर ज्या आडाला ओल नाही त्यात बेडूक कुठला? पारवा असंल. हसतच हाक मारली, कोण आठवण काढून राहिलं रे बाबा तुझी?

आवाज थांबला. कोणीतरी कान देऊन ऐकावं, तसा.

१७ मार्च

सिद्रामप्पाला कालपासून उचकी लागली आहे. साखर झाली, पाणी झालं, पाठीत गुद्दे झाले. मग मी आपला घरचा उपाय सांगितला. हसनलाही समजावलं, की आमच्यात उचकी लागली म्हणजे कोणीतरी आपली आठवण काढतंय. एकेक नाव घ्यायचं. ज्याच्या नावाला ती थांबंल, तोच आठवण काढणारा.

सगळी पोरं गोळा झाली. सिद्रामप्पानं बायकोचं नाव घेतलं, थांबंना. उदगीरच्या सासूचं घेतलं. मी म्हटलं, आप्पा, सासूनं आठवण काढली असती तर उचकी नसती लागली, ठसका लागला असता! पोरं खो खो हसली. त्यानं भाऊ, मेहुणा, मेलेल्या बैलाचं सुद्धा नाव घेतलं. मी आपली सहज बोलून गेले, पाणी देणाऱ्याची आठवण पाणी पिणारा काढतो. तो इद्रीस नसंल काढत? सिद्रामप्पाचा चेहरा चुन्यासारखा झाला. मला म्हणाला, "मावशी, ते नाव नको." पण उचकीनं छाती फुटायची वेळ आली, तेव्हा डोळे मिटून तो म्हणाला, इद्रीस.

तिथल्या तिथं थांबली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, साहेबा.

१८ मार्च

सिद्रामप्पाला तहान लागली आहे. घागर तोंडाला लावतो, पाणी आत जातं, तरी ओठ फुटलेलेच. मी कपाळावर ओला फडका ठेवायला गेले तर माझा हात धरून बडबडायला लागला. जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते.

इद्रीसला हगवण लागली होती. व्यंकटराव म्हणाला, साथ पसरंल, खोलीला बाहेरून कडी लाव. हौदाचं पाणी एका लग्नघरी विकायचं ठरलेलं होतं. पोरगा आतून पाणी, पाणी करून राहिला. त्याला आपल्या भाषेतला तो एकच शब्द नीट येत होता. किल्ली याच्या कमरेला होती. याला वाटलं, संध्याकाळी देऊ. मग वाटलं, सकाळी. मग आवाजच येईना. दोघांनी त्याला आडात टाकला आणि वर पत्रे झाकले.

"कडी मी लावली, पण सांगितली व्यंकटरावनं," एवढंच तो घोळवून घोळवून म्हणत होता.

१९ मार्च

सिद्रामप्पा हौदापाशी सापडला. कुलूप उघडं, झाकण उघडं, हात पाण्यात. आणि तोंडात घशापर्यंत मुरूम. आडाच्या तळाला निघतो तसला पिवळा, कोरडा ठणठणीत.

पोलीस ठाण्याचा जमादार आला. मी सगळं सांगितलं. त्यानं व्यंकटरावबरोबर चहा घेतला, म्हातारी बाई आहे, उन्हानं डोकं फिरलं म्हणाला आणि गेला. पत्र्यांना हातसुद्धा लावला नाही.

२३ मार्च

भर दुपारी आडापाशी जाऊन बसले. आत उचकी चालूच होती. आणि मग माझ्या ध्यानात आलं. त्याची आठवण कोणीतरी काढून राहिलंय! तिकडं सुदानात त्याची आई आहे. तिला कोणी कळवलंच नाही. ती रोज लेकाची आठवण काढते, आणि याला मेल्यावरही उचकी लागते, आणि घोटभर पाणी नाही.

मी पत्रा सरकवला. तांब्याभर पाणी आत ओतलं. म्हटलं, लेकरा, तुझी आई आहे रे ती.

थांबली. खालून श्वास सोडल्यासारखं झालं.

दुसरा तांब्या ओतला तेव्हा माझ्या मनात दया नव्हती, साहेबा. त्याला म्हटलं, अजून एक राहिलाय.

२ एप्रिल

व्यंकटरावला उचकी लागली.

त्याला सगळं माहीत आहे. सिद्रामप्पाचं तोंड त्यानं पाहिलंय. म्हणून तो कोणाचंच नाव घेत नाही. दातांत उपरणं धरून ओसरीवर बसतो. लातूरचा डॉक्टर झाला, उदगीरचा वैद्य झाला. छाती भात्यासारखी चालली आहे. धोतर मळकं झालंय, आता उमगलं ते पोरांच्या हौदातल्या पाण्यानं पांढरं राहायचं.

नाव घेतलं नाही तर वाचंल, असं त्याला वाटतं. मलाही तीच भीती आहे.

६ एप्रिल

अजून जिवंत आहे. गुपचूप गावाला निघाला होता. मी पोरांना सांगितलं, रेक्टरसाहेबांची तब्येत बरी नाही, त्यांना खोलीतच राहू द्या.

कडी बाहेरून मी लावली.

७ एप्रिल

दुपारी खिडकीपाशी गेले. आधी त्यानं दम दिला, नोकरीवरून काढीन म्हणाला. मग मला आई म्हणाला. पाणी दे म्हणाला.

तांब्या भरून मी खिडकीत ठेवला, त्याचा हात पोचणार नाही असा. म्हटलं, व्यंकट्या, नाव घे, मग देते. तो रडला. त्याची पोरंबाळं मोजून दाखवली मला. मी म्हटलं, इद्रीसची आई पण मोजते, एक कमी भरतो. नाव घे.

उचक्यांत गुदमरत होता. शेवटी घेतलं.

थांबली. त्यानं हात पसरला.

मी तांब्या उचलला, आडापाशी नेला आणि आत ओतला.

८ एप्रिल

मुरूम. नाका-तोंडात.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मी भाकरी केल्या. चांगल्या फुगल्या.

१० एप्रिल

आता पोलीस आले, मोठे साहेब आले. पत्रे काढले. हसननं ओळखलं, हातातल्या कड्यावरून. त्यांच्या रीतीनं माती दिली. हसननं सुदानला तार केली. इद्रीसच्या आईला आता कळलं.

आड गप्प आहे.

हसन रडत होता. म्हणाला, अम्मा, निदान तिला कळवायला मी होतो.

तुझं पत्र का आलं नाही रे?

१३ एप्रिल

आज पत्र नाही. पोस्टात जाऊन आले.

दुपारपासून मला उचकी.

१४ एप्रिल

भ्याले. पहिलं नाव इद्रीसचंच घेतलं. थांबली नाही. हायसं वाटलं. मग व्यंकट्याचं, सिद्रामप्पाचं. नाही. चांगुणाचं, तिच्या सुनेचं. नाही. हसनचं. नाही.

एकच नाव राहिलं. तूच आठवण काढत असशील. चांगलंच की. मग घ्यायला जीभ का वळत नाही—

१५ एप्रिल

बाहेर ऊन. चूल पेटलेली. माझे दात वाजून राहिले.

उचकी आली की तोंडातून वाफ निघते. पांढरी. हसननं पाहिली. तो मागं सरकला.

बोटं काळीनिळी. लेखणी धरवत नाही.

१६ एप्रिल

घेतलं. साहेबराव.

थांबली.

साहेबा, थांबली रे—

घसा गारठलाय. दातांखाली बर्फ करकर वाजतो. एप्रिलात, लातुरात.

खोकला होता तुला. उशीर झाला होता का परत यायला? बर्फात उभं राहून दार वाजवलंस का? आतून कडी होती का? कोणी ऐकलं का? त्या म्हातारीनं ऐकलं आणि—

तिचे गुडघे कसे आहेत म्हणून मी विचारलं होतं. मी विचारलं होतं!

तिचं नाव तू कधी लिहिलं नाहीस. नाव लागतं रे, लेकरा. नावाशिवाय तिला कसं— तू तिकडून आठवण काढ, मी इकडून काढते, दोघं मिळून काढू. फक्त नाव कळव. मी बसले आहे. लवकर लिही, साहेबा, लवकर लि—