तौनोची मोठी अक्षरं

३ नोव्हेंबर २००३
पुन्हा एका नवख्याने आमच्या मेलिंग लिस्टवर लाल-निळ्या अक्षरांतला मेल टाकला! नियम काय? फक्त साधा मजकूर. रंग नको, आकार नको. मी नीट सांगणार, तोच तिकडे कायानी गावाहून तौनो कडाडला — "नटवायचं तर ख्रिसमसचं झाड नटव बाबा, आमचे मेल सोड!" एकटाच खो खो हसलो.
लिस्ट मी सांभाळतो, पण ती चालते तौनोच्या जिभेवर. इतक्या वर्षांत त्याचं तोंड पाहिलेलं नाही. दोस्त म्हणावा असा मात्र तेवढाच.

६ नोव्हेंबर
वैतागून गाळणी बसवली. नटवा मेल आला, लिस्टला असो की मला, की आपोआप परत! सोबत बोलणी — तौनोचीच, झाडाची. त्याला कळवलं. खूश होईल.

९ नोव्हेंबर
बर्फ. तौनोचं उत्तर नाही.

१५ नोव्हेंबर
अजून नाही. त्याचं वाक्य न विचारता वापरलं म्हणून रागावला?
जिन्यात शेजारची सिर्का — "काय हो इल्पो, कुणाची वाट बघताय?"
"कुणाची नाही."
"मग मी बेल वाजवायच्या आत दार कसं उघडलंत?"
घर खायला उठतं हल्ली.

२२ नोव्हेंबर
गाळणीने परत पाठवलेले मेल सहज उघडले. बरेचसे तौनोचे! अक्षरं बोटाएवढी.
"इल्पो, डोळे चाललेत. लिहिलेलं मलाच दिसेना, म्हणून मुलीने अक्षरं मोठी करून दिली. शुक्रवारी तुझ्या ओउलूला ऑपरेशनला येतोय. काय होईल सांगता येत नाही. त्याआधी तुझं तोंड बघून ठेवतो. स्टेशनवर कॉफी घेऊ?"
मग — "अरे, झाडाचं मलाच ऐकवतोस? मी तौनो!"
शेवटचा — "थांबलो होतो. तुझीही कॉफी मीच प्यायलो."
शुक्रवार कालच झाला. स्टेशन माझ्या खिडकीतून दिसतं. मी गाढव आहे.

२३ नोव्हेंबर
गाळणी काढून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा नटवा मेल लिहिला. अक्षरं मावतील तेवढी मोठी — "तौनो, चुकलो. कुठल्या वॉर्डात आहेस? येतो."

२६ नोव्हेंबर
त्याच्या मुलीचं उत्तर. साधा मजकूर.
"आज पट्टी काढली. बाबांना आता काहीच दिसत नाही. तुमचा मेल मी वाचून दाखवला. अक्षरं केवढी आहेत, ते विचारत होते."