दुसरं पाणी

लातूर, २० जानेवारी १९३४

प्रिय सिंधू हिला नीलाक्काचा सलाम, मुलांना मुके.

इकडे थंडी अजून आहे. तूर बरी आली. तुझ्या भावजींचा खोकला तसाच. आई तुझ्याकडून इथं पोचल्याचं कळवलं नाही म्हणून रागावली असशील. रागवायची पाळी खरं तर माझी आहे.

अहमदपुरात आपली पाचच घरं ख्रिस्ती झाली तेव्हा गावानं विहीर बंद केली. आठवतं? आई एका परातीत भाकरी मोडून सगळ्यांना वाटायची. पुढं पोटासाठी आम्ही लातूरला आलो, तुम्ही नांदेडला गेलात. तुमचं मिशन वेगळं, आमचं वेगळं. देव तरी एकच असेल, अशी माझी भाबडी समजूत.

नाताळात म्हातारी किती हौसेनं तुझ्याकडे आली! देवळात लेकीशेजारी बसून प्रभुभोजनाची भाकर घ्यायची होती तिला. तुमच्या पाद्रीसाहेबांनी ताट तिच्यासमोरून पुढं नेलं. का, तर आमच्याकडे बाप्तिस्म्याला पाणी नुसतं शिंपडतात, नदीत बुडवत नाहीत. आणि तू मान खाली घालून आपला तुकडा खाल्लास. आईनंच सांगितलं, तेही तुझी बाजू घेऊन. "पोरीला तितं नांदायचं हाय," म्हणाली.

मग त्या पोरीसाठी ती पौषाच्या थंडीत गोदावरीत उतरली. "एक बुडी काय, धा मारीन. सिंधूपाशी बसाया मिळालं न्हवं?" असं मला हसून सांगत होती. अंगात ताप घेऊनच परतली होती.

बुधवारी आई गेली, सिंधू.

आमच्या देवळाचे पंचही काही कमी नाहीत. तिनं आपला पहिला बाप्तिस्मा खोटा ठरवला, म्हणून कबरस्थानात जागा नाही म्हणाले. पंचांत तुझे भावजी बसले होते. तेही मान खाली घालून बसले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही.

आईला कुंपणाबाहेर बाभळीखाली ठेवलं आहे. तुला कळवायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण शेवटी ती सारखी दाराकडे बघून विचारायची, "सिंधू आली का गं?" मी हो म्हटलं. मला खोटं पाडू नकोस.

ये. आमच्या देवळात तुला ताट मिळणार नाही, तुमच्या देवळात मला. बाभळीखाली मात्र कुणी काही विचारत नाही. भाकरी मी घेऊन येईन.

अजून रागावलेली, तरी वाट पाहणारी,
तुझी नीलाक्का